२० लिटरच्या टँकमध्ये मासे कधी सोडायचे?

प्रश्न: लेकीसाठी २० लिटरचा टँक आणलाय, दुकानदार म्हणतो आजच पाणी भरा नि दोन गोल्डफिश सोडा. नळाचं पाणी चालेल ना?

रिप्लाय १: थांबा! गोल्डफिश अजिबात नको, ते वीतभर वाढतात आणि घाणही खूप करतात, एवढ्याशा पाण्यात हाल होतात बिचाऱ्यांचे. नळाचं पाणी चालेल पण अँटीक्लोरीन (पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकूनच. मग स्पंज फिल्टर चोवीस तास चालू ठेवा नि रोज चिमूटभर फिशफूड टाकत राहा, ते कुजून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट मग नायट्रेट करतात, याला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. अमोनिया-नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, पाणी तपासायच्या टेस्ट किटवर ते शून्य आले की मगच मासा.

रिप्लाय २: सहमत. कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांचा मळका स्पंज तुमच्या पाण्यात पिळा, लवकर होईल. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका हं, बॅक्टेरिया मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच धुवायचा.

प्रश्नकर्ता: बरं, मग मासा कुठला?

रिप्लाय १: एकच बेट्टा (फायटर फिश). दोन नर ठेवले तर मारामारी ठरलेली. झाकण हवंच, उड्या मारतो तो. सोबत जावा फर्न ही पाण्यातली वनस्पती लावा, फक्त तिचं आडवं जाड खोड वाळूत पुरू नका, दगडाला दोऱ्याने बांधा.