मदत हवी आहे: निमंत्रणात कुठला शब्द लिहू?

मंडळी, एक मदत हवीये. इंदूरला राजवाड्याजवळ आम्ही आठ-दहा मराठी टाळकी १५ एप्रिलला किस्से सांगायची संध्याकाळ करतोय, २०१४ ला याच तारखेला सुप्रीम कोर्टाने ट्रान्सजेंडर लोकांना तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली ना, म्हणून. माझी मावसबहीण ट्रान्स आहे, ती पहिल्यांदा आजीची नऊवारी नेसली तेव्हा आजी चिडली ती फक्त निऱ्या चुकल्या म्हणून, तोच किस्सा सांगणारे. रडारड नकोच बाबा. आपल्या मध्य प्रदेशात शबनम मौसी या तृतीयपंथी असून आमदार झाल्या, तेही येईल. पण निमंत्रणात तृतीयपंथी लिहू की पारलिंगी? ताई म्हणते सरळ ट्रान्स लिही, काकालोकांना कळेल का? आणि फोटो काढू नका हे गोडीत कसं सांगायचं?