साक्ष द्यायची आहे, पण माझ्याकडे तारणाची तारीख नाही

नगरची_लेक:

सर्वांना सलाम.

मी मूळची नगर जिल्ह्यातली, लग्नानंतर पिंपरीत. आमच्या घरात ख्रिस्ती विश्वास आला तो पणजोबांच्या वडिलांपासून, म्हणजे माझी पाचवी पिढी. तान्ही असताना बाप्तिस्मा, पंधराव्या वर्षी स्थिरीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी, नंतर संडेस्कूलमध्ये शिकवणं. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, कधी चुकलं नाही.

गेल्या वर्षापासून आम्ही घराजवळच्या एका नव्या मंडळीत जातो. तिथल्या महिला सभेत येत्या शुक्रवारी माझी साक्ष आहे, म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायचं. त्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. नाव, बाप्तिस्म्याची तारीख आणि खाली तिसरा रकाना, ‘तारणप्राप्तीची तारीख’, म्हणजे पापातून सुटका होऊन नवा जन्म मिळाला तो दिवस. मी तो रिकामा ठेवला. सभा घेणाऱ्या ताईंनी फॉर्म माझ्या हातात परत दिला. आवाज अगदी मायेचा होता, पण म्हणाल्या, “नव्या जन्माचा दिवस आठवत नाही म्हणजे बाई, तो अजून झालाच नसेल. आधी त्यासाठी प्रार्थना कर.”

तेव्हापासून चार रात्री नीट झोप नाही. इतर बायकांच्या साक्षी मी ऐकल्यात. एकीला आजारात बरेपण मिळालं, एक जीव द्यायला निघाली होती ती परत फिरली. त्यांच्यापुढे मी काय सांगू? मला आठवते ती आजी. भाकरी थापायला बसली की परातीत पीठ घ्यायच्या आधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. “ही देवाची.” महिन्याच्या शेवटी तो डबा पाळकसाहेबांकडे, नाहीतर गावात ज्याची चूल पेटली नसेल त्याच्याकडे जायचा. मी तिच्या मांडीला टेकून ते बघायची. बघता बघता मीही प्रार्थना करायला लागले. कधीपासून, ते सांगता येत नाही.

मी आयुष्यभर नुसत्या सवयीनेच देवळात जात आले का? कुणाला असा अनुभव असेल तर कृपा करून लिहा.

---

चाकणचा_टेम्पोवाला:

ताई, माझी तारीख आहे. 9 जानेवारी 2013, बुधवार.

आमच्या घरी खंडोबाचा देव्हारा, आई वारकरी. मी मात्र दारूत बुडालेला. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, पोरगी झाल्याचा फोन आला तरी मी तिकडे फिरकलो नव्हतो. त्या रात्री शिक्रापूर रोडला टेम्पो कडेला लावला आणि केबिनमध्ये बसलो, क्वार्टर फोडलेली. डॅशबोर्डवर खिशात मावेल एवढा बायबलचा नवा करार पडलेला. माल उतरवायला यायचा त्या पोराचा, विसरून गेला होता. मधूनच उघडला तर उधळ्या मुलाची गोष्ट, बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या पोराची. पोरगा अजून लांब आहे तोवरच बापाने त्याला बघितलं आणि तो धावत सुटला, असं लिहिलंय तिथे. बाप धावला! मी त्या ओळीवर किती वेळ थांबलो माहीत नाही. रडलो इतका की शर्टाची बाही ओली झाली. बाटली खाली ओतली. सकाळी थेट सासरी गेलो. त्या दिवसापासून दारूला शिवलो नाही. बाप्तिस्मा नंतर दोन वर्षांनी घेतला. आई अजून आळंदीला जाते, तिला सोडायला मीच जातो.

म्हणून सांगतो, तारीख विचारणाऱ्या ताईंवर राग धरू नका. आमच्यासारख्याला ती तारीख म्हणजे कैद्याला सुटकेचा दिवस. तो कसा विसरेल?

पण तीच माझी पोरगी आता 12 वर्षांची आहे. दारू प्यायलेला बाप तिने कधी बघितलाच नाही. आमच्यात बसून प्रार्थना करते, शेजारच्या आजारी काकूंचं नाव रोज न चुकता घेते. तिची तारीख मी कुठून आणू? तिला माझ्यासारखी तारीख लागू नये, हेच तर मी गेली 12 वर्षं देवाकडे मागतोय.

---

निवृत्त_मास्तर:

मुली, सलाम. टेम्पोवाले भाऊ, तुमचं वाचून डोळे भरून आले.

मी नगरलाच 31 वर्षं शाळेत शिकवलं, आणि हा तुझा प्रश्न माझ्याही मनात विशीत होता. त्या ताईंचं म्हणणं अगदीच उडवून लावू नकोस. नुसता बाप्तिस्मा म्हणजे जागृती नव्हे, हे पंडिता रमाबाईंनीच स्वतःबद्दल लिहून ठेवलंय. इंग्लंडमध्ये वाँटेज इथे 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांच्या छोट्या मुलीचा, मनोरमेचाही झाला. आणि पुढे त्या सांगतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी. शास्त्रं मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी जिचा गौरव केला अशी बाई हे कबूल करते!

आता त्या मधल्या आठ वर्षांकडे बघ. त्याच काळात त्या अमेरिकाभर हिंडल्या, विधवांच्या शिक्षणासाठी मदत उभी केली आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. ती वर्षं देवाविना गेली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. इंग्लंडमध्ये पतित मानलेल्या स्त्रियांना सांभाळणाऱ्या भगिनींचं काम त्यांनी पाहिलं आणि बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट, लोकांनी हलकी मानलेल्या बाईशी येशू विहिरीवर बोलतो ती, त्यांच्या मनात शिरली, तिथूनच हे सुरू झालं होतं.

दुसऱ्या आपल्या लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत 10 फेब्रुवारी 1895 ला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. पाच वर्षं! नवऱ्याजवळ परत आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, पाणीसुद्धा वेगळं. मग एकदा विचार करत बसल्या की ही जात देवाने केली की माणसाने? जन्म, मरण, राग, लोभ तर सगळ्यांना सारखेच. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. ना दृष्टान्त, ना आकाशवाणी. स्वयंपाकघरातल्या पाण्यापाशी त्यांची गाठ सुटली. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढून वाच, तुला धीर येईल.

आणि मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी. 1854 ला बेळगावात बाप्तिस्मा घेतला, तारीखवार सगळं सांगू शकणारा माणूस. पण आत्मचरित्राला नाव काय दिलं? ‘अरुणोदय’. मी शेतकऱ्याचा पोर. रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला गेलं की आधी बांध दिसायला लागतो, मग सरीतलं पाणी, मग आपलेच चिखलाचे हात. नेमकं कधी उजाडलं हे कुणी सांगत नाही. पण बॅटरी आपण कधीच विझवलेली असते.

वचनातून हवं असेल तर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16. फिलिप्पै गाव एकच, अध्याय एकच. लुदिया नदीकाठी बायकांमध्ये बसलेली, प्रेषित पौलाचं बोलणं ऐकता ऐकता प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं, एवढंच लिहिलंय. पुढे त्याच गावात बंदिशाळेचा नायक, म्हणजे तुरुंगाचा अधिकारी, तिथे मध्यरात्री भूकंप, दारं उघडलेली, हातात तलवार, जीव द्यायच्या बेतात. त्याला विचारलं तर तो रात्रीचा प्रहरसुद्धा सांगेल. लुदियाला साक्षीला उभं केलं तर ती काय सांगेल? “मी ऐकत होते.” त्या गावची मंडळी पहिल्यांदा तिच्याच घरात जमली. आणि आपला तरुण सोबती तीमथ्य याच्याबद्दल तर पौल सरळ म्हणतो, हा विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग आईत. आजीचं नाव बायबलमध्ये आलंय, मुली.

तेव्हा फॉर्म बाजूला ठेव आणि मला एक सांग. आजी गेल्यावर त्या डब्याचं काय झालं?

---

वसईचा_डॉमनिक:

आम्ही कॅथलिक, बाळपणीच बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण, तुमचं स्थिरीकरण तेच. पण ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधले दिवे मालवतात, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती, आणि फादर बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा विचारतात. “सैतानाचा त्याग करता का? देवावर विश्वास ठेवता का?” सगळं गाव एका आवाजात उत्तर देतं. बाबा गेले त्या वर्षी माझ्या तोंडून आवाज फुटेना. शेजारच्या म्हाताऱ्याने नुसता दंड धरला, तेव्हा फुटला. मी दरवर्षी होय म्हणतो. कोणतं वर्ष पहिलं धरू? तुम्हीही शुक्रवारी जे आहे तेच सांगा.

---

नगरची_लेक:

मास्तर, तुमचा प्रश्न वाचला आणि मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

आजी 2016 च्या जूनमध्ये गेली. डबा आईने मला दिला, जर्मनचा, झाकणाला पोचा आलेला. मी आणला आणि माळ्यावर टाकला, वर्षभर बघितलासुद्धा नाही. त्या वर्षी मी देवावर रुसले होते, प्रार्थनाही बंद होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग एका संध्याकाळी कणीक मळायला बसले. पावसाळा होता, पीठ हाताला दमट लागत होतं. पहिली मूठ घेतली आणि परातीत टाकायच्या ऐवजी मी ती तशीच धरून बसले. टाकवेना. धाकटा विचारायला लागला, “आई, काय झालं?” मी त्याला म्हटलं, “ही देवाची आहे, डबा काढ.” त्याने स्टुलावर चढून माळ्यावरून डबा काढला. आत एक कोळ्याचं जाळं होतं, ते मी पदराने पुसलं आणि मूठ टाकली. तेव्हापासून रोज टाकते. सध्या तो डबा आमच्याच चाळीत मागच्या खोलीतल्या आजींकडे जातो.

ताईंना आज फोन केला. म्हटलं, रकाना रिकामाच राहील, पण शुक्रवारी डबा घेऊन येते. थोडा वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ये. माझी सासूपण तशी मूठ काढायची.”