इंग्रजी शब्दसंग्रहासाठी ग्रीक-लॅटिन संख्यावाचक मुळे कशी शिकावीत?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या तयारीत शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा मोनो, बाय, ट्राय, पेंटा ही संख्यावाचक मुळे आधी शिकावीत, असा सल्ला मला मिळाला, परंतु एकाच संख्येची दोन-दोन रूपे आढळत असल्याने गोंधळ उडतो. तो कसा टाळावा?

प्रतिसाद १ : ही रूपे दोन भाषांची आहेत. चारसाठी लॅटिन क्वाड्री, तर ग्रीक टेट्रा. या दोन्ही भाषा संस्कृतच्याच कुळातील असल्यामुळे आपले काम बरेच हलके होते : सप्त, अष्ट, नव, दश यांच्याशेजारी लॅटिन सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, डेकेम ठेवून पाहा. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या ‘स’चा ‘ह’ झाला, म्हणून तेथे सातला हेप्टा म्हणतात.

प्रतिसाद २ : मग सप्टेंबर नववा महिना कसा?

प्रतिसाद १ : प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे, त्यामुळे सप्टेंबर सातवाच होता. जुलैचे मूळ नाव क्विंटिलिस, म्हणजे पाचवा, आणि ऑगस्टचे सेक्स्टिलिस, म्हणजे सहावा, इ.स.पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या आणि इ.स.पूर्व ८ मध्ये ऑगस्टसच्या सन्मानार्थ ती नावे बदलण्यात आली.

प्रतिसाद ३ : मात्र केवळ मुळावर विसंबू नये. ‘डेसिमेट’ ही मुळात रोमन सैन्यातील दहांपैकी एकाला ठार मारण्याची शिक्षा. आज तो शब्द मोठ्या संहारासाठी वापरतात. ‘क्वारंटाइन’मधील चाळीस दिवसही कधीच गळून पडले. ‘बायअॅन्युअल’ वर्षातून दोनदा आणि ‘बायएनिअल’ दोन वर्षांतून एकदा, हा भेद तर निमूटपणे पाठच करावा लागतो.