मदत हवी आहे: ई-सायकलची घरगुती फेअरिंग (वारा कापणारं पुढचं आवरण) हँडलवरून काढून फ्रेमवर कशी बसवू?

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहितीवर कोणालाच नीट सांगता येणार नाही.

रोज ई-सायकलने कामावर जातो, एका बाजूचं अंतर २२ किलोमीटर. मागच्या चाकात गिअरवाली हब मोटर, बॅटरी ४८ व्होल्ट १३ अँपिअर-अवरची, म्हणजे कागदावर ६२४ वॅट-अवर. जाताना किलोमीटरला साधारण ११ वॅट-अवर लागतात आणि येताना १६, कारण संध्याकाळी वारा नेमका तोंडावर असतो आणि रस्ता उघडाबोडका. दोन्ही मिळून ५९४ होतात. वारा जरा चढला की शेवटचे दोन-तीन किलोमीटर मोटर बंद पडते आणि ती जड सायकल पायांनी रेटावी लागते. दिवसभर काम करून आल्यावर ते खरंच जिवावर येतं.

हिशोब करून पाहिला. सायकल ताशी ३० ने चालली आहे आणि समोरून १५ चा वारा आहे, तर हवेला आपण ४५ ने भिडतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा नसतानाच्या सव्वादोन पट. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा हा रोधच कमी करावा, असं तेव्हा ठरवलं.

म्हणून फेअरिंग घरीच केली, चार रविवार लागले. आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना केला, तो सायकलवर धरून आरशात पाहून कापत गेलो. मग जाहिरातींच्या फलकांना वापरतात ती ४ मिलिमीटरची पन्हळी प्लास्टिक शीट घेतली. वळवायचं तिथे आतल्या बाजूने पन्हळीच्या रेषेवर फक्त एक थर चिरला. बाहेरचा थर अखंड राहिला आणि गोलाई सुरेख आली. गोंदाचा नाद लवकर सोडला, या प्लास्टिकला काहीच धड चिकटत नाही. सगळे जोड काळ्या केबल टायचे. वर नजरेसमोर २ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची, खिडकी. रुंदी ५५ सेंटिमीटर, उंची ७०, वजन दीड किलोच्या आत. हँडलवर दोन क्लॅम्प आणि खाली फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, माथ्यावर एक आधार.

समोरच्या वाऱ्यात फरक लगेच जाणवला. छातीवरचा मारा गेला, कानातला घोंघाट कमी झाला. पण परवा पुलावर, कठड्याचा आडोसा संपला त्या जागी, डावीकडून एकदम झोत आला आणि हँडल माझ्या हातात असून उजवीकडे वळलं. मी जवळजवळ एक हात रस्त्याच्या मध्याकडे सरकलो. मागे गाडी नव्हती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून फेअरिंग घरात भिंतीला टेकवून ठेवली आहे. मुलगी रोज विचारते, बाबा लावणार का परत. तिला उत्तर देण्याआधी मला खात्री हवी आहे.

विचारायचं ते असं. फ्रेमवर बसवली तर हा त्रास जाईल का, आणि बसवायची कुठे? हेडट्यूबवर (फ्रेमची पुढची नळी, जिच्यात हँडलचा दांडा फिरतो) जागा वीतभर, तीही केबलींनी भरलेली. दुसरं म्हणजे ताशी २८ च्या पुढे खालची कड जोरात फडफडते, तिचं काय करू? आणि खरोखर किती वाचतंय ते मोजायचं कसं? येतानाचा आकडा १६ वरून १४.५ पर्यंत आला, पण वारा रोज वेगळा, त्यामुळे मलाच त्यावर भरवसा वाटत नाही.

प्रतिसाद १

काढून ठेवलीत ते उत्तम केलंत. तुमचं पृष्ठ सगळं सुकाणूच्या अक्षाच्या पुढे आहे आणि हँडललाच बांधलेलं आहे, त्यामुळे बाजूने आलेला वारा थेट चाक वळवतो. मोटरसायकलच्या शर्यतींत पुढचं चाक झाकणारी 'डस्टबिन' फेअरिंग असायची, तीही आडव्या वाऱ्यातल्या धोक्यामुळे १९५८ च्या मोसमापासून बंद केली गेली.

फ्रेमवर बसवल्यावर झोत सायकलला ढकलेल, पण हँडल हिसकणार नाही. हा फार मोठा फरक आहे. तरी गालफडं, म्हणजे बाजूचे पत्रे, लहान ठेवा. समोरून मिळतो तो फायदा समोरच्या गोलाईतून येतो, बाजूच्या लांब पत्र्याने वाऱ्याला फक्त धरायला जागा मिळते.

आधार तीन ठिकाणी घ्या आणि ते एका रेषेत येऊ देऊ नका. मी २५ बाय ३ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पट्टीचा इंग्रजी यू आकार केला, हेडट्यूबला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून त्यावर दोन होज क्लिपा आवळल्या, आणि खालून डाउनट्यूबवरून (हेडट्यूबपासून पेडलकडे उतरणारी नळी) एक तिरपी पट्टी दिली. ती तिरपी पट्टी विसरू नका, तिच्याशिवाय सगळं मान डोलावतं. केबली आधी मोकळ्या करून घ्या, क्लिपेखाली एकही दबता कामा नये.

मग सायकल उभी करून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. मूठ, ब्रेकचा दांडा, बोटं, काहीच घासायला नको. गुडघेही बघा, पेडल मारताना ते वाटतात त्यापेक्षा बाहेर येतात.

फडफडीसाठी पाण्याची बारीक नळी लांबीने चिरून कडेवर चढवा आणि तिच्यात जाड ॲल्युमिनियमची तार घाला. पॉलिकार्बोनेटची भोकं बोल्टपेक्षा दोन मिलिमीटर मोठी पाडा, खाली रबरी वॉशर द्या आणि बोल्ट हलकेच आवळा. उन्हात ते फुगतं, जखडलं की भोकापासून तडा जातो. तिथे लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात तो द्रव) अजिबात लावू नका, त्यानेही पॉलिकार्बोनेट तडकतं. नायलॉनच्या अस्तराचा नट वापरा.

प्रतिसाद २

मोजण्याबद्दल सांगतो. वारा पडलेला असताना, बहुधा पहाटे, एक सौम्य उतार निवडा. मोटर बंद, पेडल बंद, एकाच खुणेपासून थांबलेल्या सायकलवरून सुटायचं आणि खालच्या खुणेला किती वेग आहे ते लिहायचं. तेच कपडे, तीच बसण्याची पद्धत, टायरमधली हवाही तीच. फेअरिंग लावून पाच वेळा, काढून पाच वेळा, आलटून पालटून. सपाट रस्त्यावर वॅट-अवर मोजत असाल तर जाऊन-येऊन दोन्हीची सरासरी घ्या.

आकार बरोबर आहे का ते बघायला लोकरीचे बोटभर तुकडे फेअरिंगवर, बाह्यांवर आणि खांद्यांवर चिकटपट्टीने लावा आणि कोणाला तरी शेजारून चित्रीकरण करायला सांगा. तुकडे मागे सरळ पडले तर हवा लागून वाहते आहे. गरगर फिरले तर तिथे ती सुटली. ५५ सेंटिमीटर रुंदीला तुमचे खांदे बाहेर राहत असतील, आणि कडेवरून सुटलेली हवा त्यांच्यावरच आदळत असेल.

एक सुचवू का? उभ्या बसलेल्या माणसाचा बराचसा रोध पाठीमागच्या कमी दाबाच्या पोकळीमुळे असतो. कॅरियरवर मागे निमुळती होत जाणारी पेटी करून बघा, उतार प्रत्येक बाजूला दहा-बारा अंशांपेक्षा जास्त नको, नाहीतर हवा पुन्हा सुटते. तिच्यामुळे बाजूचं पृष्ठही मागे जातं, आडव्या वाऱ्यात सायकल स्थिर राहायला त्याचा उपयोग होतो. डबा-पाणीही आत मावेल.

कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा डबा, कुठे आहे तुमचा? फेअरिंगच्या मागे झाकला गेला असेल तर खालून वाट मोकळी ठेवा. चढ चढून आल्यावर हात लावून बघा, चटका बसत असेल तर हवा पोचत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कंट्रोलर डाउनट्यूबवरच आहे, फेअरिंगच्या खालच्या कडेच्या अगदी मागे. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खालची कड चार बोटं वर कापतो, म्हणजे फडफडणारा भागही तेवढा कमी होईल.

आज पट्टी वाकवून हेडट्यूबला धरून पाहिली. उजवीकडे हँडल पूर्ण वळतं, डावीकडे पुढच्या ब्रेकची केबल यू आकाराच्या कोपऱ्यात अडते. केबल लांब घेऊन बाहेरून फिरवावी, की पट्टीच दोन सेंटिमीटर पुढे सरकवावी? पुढे नेली तर तरफ वाढून क्लिपा घसरतील अशी भीती वाटते. ज्यांनी असं बसवलं आहे त्यांनी हेडट्यूबपासून फेअरिंगचं नाक किती पुढे ठेवलं, ते मोजून सांगता येईल का? माझं सध्या ३८ सेंटिमीटर आहे.