ओरडल्याविना वर्ग सांभाळता येतो का?

नवशिकी, ऐरोली : जूनपासून मी सहावीला गणित शिकवते. नोकरीचे हे पहिलेच वर्ष, वर्गाचा पट 47. कोणालाही वर्गाबाहेर उभे करायचे नाही आणि गडबड करणाऱ्याला आधी काय अडले आहे ते विचारायचे, असे मी ठरवले. शिक्षक-खोलीत त्यावरून थट्टा होते, म्हणून येथे विचारते. एक मुलगा प्रत्येक तासाला पाच-सहा वेळा पेन्सिलीला टोक करण्यासाठी केराच्या डब्यापाशी जात असे. चार दिवसांनी लक्षात आले, की फळ्यावर भागाकार आला की हा उठतो. मधल्या सुट्टीत जवळ बसवले, तेव्हा कळले की ‘सात पाचे पस्तीस’च्या पुढे त्याला पाढाच येत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, नौपाडा : पेन्सिलीचे निरीक्षण उत्तम आहे, परंतु त्यावरून पद्धत सिद्ध होत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात 47 मुलांना एकेक मिनिटही मिळत नाही, आणि आपण एकाची अडचण विचारत असताना बाकीचे काय करतात, हा खरा प्रश्न आहे. वह्या केव्हा उघडायच्या, बोलायचे असल्यास काय करायचे, बाकाबाकाने बाहेर कसे पडायचे, हे पहिल्या पंधरवड्यात अंगवळणी पाडावे लागते. दिवाळीपर्यंत सैल सोडलेली दोरी नंतर आवळता येत नाही, बाई.

कळव्याचा शिक्षक : सर, सवयी लावण्याला बाईंचा विरोध दिसत नाही. बाहेर उभे करण्याचे म्हणाल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक त्रासालाही मनाई आहे. त्याच कायद्यात सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तेव्हा 47 च्या पटाचा दोष बाईंच्या स्वभावावर का घालावा? गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शाळाच कुरणात नेली. तो भाग तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता.

निवृत्त मुख्याध्यापक, नौपाडा : ताराबाईंविषयी नितांत आदर आहे. मात्र कुरणात सहामाहीपूर्वी धडे संपवण्याची घाई नव्हती.

पालक, कोपरखैरणे : आमच्या मुलीच्या वर्गातही असाच प्रयोग चालू आहे. हुशार मुलीशेजारी कच्चा मुलगा बसवला, आणि दोन महिने ती गणिते सोडवण्याऐवजी समजावतच राहिली. आधार देण्याचे काम शिक्षकांचे आहे, तिचे नव्हे.

नवशिकी, ऐरोली : पालकांचे म्हणणे मला लागले, कारण मीही तशाच जोड्या लावल्या होत्या. त्या आता दर आठवड्याला बदलीन आणि पाढ्यांचे काम स्वतःकडे घेईन. सरांच्या सूचनेप्रमाणे टोक करण्याची वेळ तास सुरू होण्यापूर्वीची ठरवून दिली आहे. तो मुलगा काल एकदाच उठला. त्याच्या मागच्या बाकावरच्या दोघी मात्र आता उठू लागल्या आहेत.