मदत हवी आहे: दारू सोडवण्यासाठी रत्नागिरी-गुहागर भागात सोय आहे का?

भाऊ बोटीवर खलाशी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बोटी किनाऱ्याला लागल्या आणि बंद असलेली दारू पुन्हा सुरू झाली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) ज्या बैठकीच्या आधाराने तो सावरला होता, तीही तेव्हा थांबली ती कायमचीच.

आता सोडायला स्वतःच तयार आहे. पण एक दिवस घेतली नाही की हात थरथरतात, भास होतात; म्हणून घरच्या घरी एकदम बंद करू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६) फोन केला, बोलून धीर आला, पण दाखल करणं गरजेचं दिसतंय. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र माहीत आहे, पण तिथे लागतात तेवढे दिवस लांब राहणं जमणार नाही. (चहात मिसळायच्या पावडरी कृपया सुचवू नका.)

रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात व्यसनासाठी दाखल करून घेतात का? सोबत घरचं माणूस राहावं लागतं का? आणि परत आल्यावर जवळपास अल्कोहोलिक्स अनॉनिमसची बैठक सध्या कुठे भरते?