मदत हवी आहे: शेजारच्या गोल्फ मैदानातले चेंडू शेतात येतात, वेचणीच्या बाईला डोक्याला लागला

सर्वांना नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून नागपूर जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित साडेचार एकर कोरडवाहू शेती आहे. गावाचे आणि मैदानाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नसून उपाय हवा आहे.

आमच्या वावराच्या पश्चिमेच्या धुऱ्याला लागून पांदण आहे आणि पांदणीच्या पलीकडे चार वर्षांपूर्वी एक रिसॉर्ट झाले. त्यात नऊ होलचे, म्हणजे चेंडू मारत खळग्यापर्यंत न्यायच्या नऊ पट्ट्यांचे, गोल्फचे मैदान आहे. त्यातील पाचव्या होलची सुरुवात आमच्या शेताच्या दक्षिण कोपऱ्यासमोर येते आणि तिथून खेळणारे उत्तरेकडे चेंडू मारतात, म्हणजे आमचे शेत त्यांच्या उजव्या हाताला राहते. मध्ये साधे तारेचे कुंपण आहे, जे ढोरांना अडवते, चेंडूला नाही. सुरुवातीला महिन्यातून एखादा चेंडू सापडे आणि पोरे तो खेळायला नेत, म्हणून आम्हीही फारसे मनावर घेतले नाही. आता सुटीच्या दिवशी सकाळच्या एका पाळीत दोन-तीन चेंडू सहज येतात. कोठ्यावरच्या टिनावर पडला तर टणकन आवाज तरी होतो, पण पऱ्हाटीत पडलेला कळतही नाही. गोल्फचा चेंडू पांढरा आणि आकाराने साधारण फुटलेल्या बोंडाएवढा असतो. मागच्या हंगामात एका बाईने बोंड समजून हात घातला तेव्हा मुठीत कापसाऐवजी चेंडूच आला. त्या दिवशी सगळ्या हसल्या होत्या.

यंदा हसण्यासारखे राहिले नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी दव वाळल्यावर आठ बाया वेचणीला लागल्या होत्या. मी स्वतः धुऱ्यावर पोत्यात कापूस दाबत होतो. पलीकडून कोणीतरी काहीतरी ओरडले, आम्हाला ते समजले नाही, आणि पुढच्याच क्षणी तासातली (पऱ्हाटीच्या ओळीतली) एक बाई ओटीतल्या कापसासह खाली बसली. चेंडू डाव्या कानाच्या वर लागला होता. मी डोक्यावरचा पदर बाजूला करून पाहिले, तर लिंबाएवढी गाठ आली होती आणि तिच्यावर चेंडूच्या खळग्यांची नक्षी जशीच्या तशी उमटली होती. तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथून नागपूरला पाठवून सीटी स्कॅन केला, सुदैवाने आत रक्तस्राव निघाला नाही. पण अजून तिला वाकले की गरगरते आणि ती कामावर येऊ शकलेली नाही. बाकीच्या बायांनी पश्चिमेकडील तासांत जायला नकार दिला आहे, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. पऱ्हाटी फुटून उभी आहे, एखादा अवकाळी पाऊस आला तर सरकी भिजून भाव जाईल.

रिसॉर्टच्या व्यवस्थापकांना भेटलो. त्यांचे म्हणणे असे की चेंडू पाहुण्याने मारला, पाहुणा निघून गेला, आणि मैदानावर ‘स्वतःच्या जबाबदारीवर खेळा’ असा फलक लावलेला आहे. फलक खेळणाऱ्यांसाठी आहे, वेचणाऱ्यांनी तो कुठे वाचावा, असे मी विचारले. त्यावर त्यांनी बायांना हेल्मेट देण्याची तयारी दाखवली. (कार्तिकातल्या उन्हात हेल्मेट घालून त्यांनी स्वतः एक तास वेचून दाखवावे, एवढेच मी म्हणालो.) शेवटी बाईला पाच हजार रुपये देऊ केले आणि ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही’ अशा मजकुराचा कागद पुढे ठेवला. तिने अजून अंगठा दिलेला नाही, मीच थांबवले आहे.

सरपंच बोलायला तयार नाहीत, कारण गावातील दहा-बारा पोरे तिथे गवत कापायला आणि पाहुण्यांच्या पिशव्या वाहायला जातात. ते मैदान बंद पडावे असे मलाही वाटत नाही. चेंडू धुऱ्याच्या आत येऊ नये, एवढेच मागणे आहे. तक्रार नेमकी कोणाकडे करावी, त्या कागदावर अंगठा द्यावा का, आणि मैदानवाल्यांनी प्रत्यक्षात काय केले म्हणजे चेंडू थांबतील, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद – परिचारिका

गुरुजी, आधी त्या ताईंच्या प्रकृतीबद्दल. पहिला स्कॅन चांगला आला तरी डोक्याच्या माराची लक्षणे काही आठवडे राहू शकतात, त्यामुळे गरगरणे, डोके दुखणे, उजेड सहन न होणे या तक्रारी अंगावर काढू देऊ नका. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, नीट जाग येत नसेल, बोलणे अडखळले, एका बाजूचा हातपाय दुबळा वाटला किंवा झटका आला, तर रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा. दुकानातून मनाने ॲस्पिरिन घेऊन देऊ नका. दुसरे म्हणजे ग्रामीण रुग्णालयात नेले तेव्हा ‘चेंडू लागून मार’ अशी नोंद झाली आहे का, ते केसपेपरवर पाहा. घाईत ‘पडून मार’ असे लिहिले गेलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि मग पुढचे सगळे अडते.

प्रतिसाद – वऱ्हाडी वकील

गुरुजी, त्या कागदावर अंगठा देऊ नका. उपचाराचा खर्च ते देत असतील तर घ्यावा, पण पावतीवर ‘उपचाराच्या खर्चापोटी, हक्क राखून’ असे लिहूनच घ्यावा.

‘चेंडू पाहुण्याने मारला’ हा बचाव पुरेसा नाही. १९२२ साली इंग्लंडमध्ये कॅसल विरुद्ध सेंट ऑगस्टिन्स लिंक्स हा खटला झाला होता. गोल्फचा चेंडू रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीच्या काचेवर आदळला आणि काच लागून चालकाचा डोळा गेला. तेराव्या होलच्या सुरुवातीपासून चेंडू वारंवार त्या रस्त्यावर जात असल्याचे सिद्ध झाले, म्हणून मारणाऱ्याबरोबर क्लबलाही जबाबदार धरले गेले. याच्या उलट १९५१ च्या बोल्टन विरुद्ध स्टोन या खटल्यात क्रिकेटचा चेंडू रस्त्यावरील बाईला लागला, पण सुमारे तीस वर्षांत सहाएक वेळाच चेंडू बाहेर गेला होता, म्हणून क्लब सुटला. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसले तरी दुष्कृतीच्या (दुसऱ्याचे नुकसान केल्याबद्दल भरपाई मागण्याच्या) दाव्यांत त्यांचा आधार घेतला जातो. तुम्ही यातून घ्यायचे ते असे की तुमचा सगळा पुरावा वारंवारतेत आहे. आजपर्यंतचे चेंडू ठेवले आहेत का? यापुढे सापडेल त्या प्रत्येक चेंडूची तारीख, वेळ आणि तो शेतातल्या कोणत्या ओळीत सापडला ते वहीत लिहा, जागेवरच फोटो काढा आणि पाहणाऱ्याची सही घ्या.

मार्ग तीन आहेत आणि ते एकमेकांना अडवत नाहीत. पहिला पोलिसांचा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये दुसऱ्याच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल असे बेदरकार किंवा हयगयीचे कृत्य हा गुन्हा आहे, आणि त्यातून दुखापत झाली तर शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. मारणारा सापडेलच असे नाही, तरीही घटनेची नोंद होणे महत्त्वाचे आहे. दुसरा मार्ग प्रांत कार्यालयाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ च्या जागी आलेल्या तरतुदीखाली, उपविभागीय दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. इथे तुमच्या शेतापेक्षा पांदण जास्त उपयोगी पडेल, कारण ती सार्वजनिक वाट आहे. पांदणीवरही चेंडू पडतात हे अर्जात ठळक लिहा आणि ती वाट वापरणाऱ्या इतर शेतकऱ्यांच्या सह्या घ्या. तिसरा मार्ग तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा आणि नुकसानभरपाईचा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते, त्यामुळे त्या ताईंनी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केल्यास वकिलाचा खर्च येणार नाही.

प्रतिसाद – धुरकरी

आमच्याकडे गोल्फ नाही, पण शेजारच्या क्रिकेटच्या मैदानामुळे हेच झाले होते. चेंडू परत दिले नाहीत तेव्हाच ते बोलायला आले. गुरुजी, चेंडू देऊ नका.

प्रतिसाद – हौशी गोल्फर, नागपूर

मी स्वतः गेली काही वर्षे गोल्फ खेळतो, म्हणून मैदानाच्या बाजूने लिहितो, पण मैदानवाल्यांच्या बाजूने नाही.

नियमानुसार चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नसते आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसतो. म्हणजे तो क्रिकेटच्या चेंडूच्या एक तृतीयांशाहून हलका असतो, पण ड्रायव्हर नावाच्या काठीने बऱ्यापैकी हौशी खेळाडूने मारला तर ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे स्लाइस. काठीचे तोंड उघडे राहते, चेंडूला आडवी फिरकी बसते आणि तो सरळ जाता जाता उजवीकडे वळतो. तुमचे शेत नेमके उजवीकडे आहे, म्हणजे त्या होलची आखणीच चुकली आहे, आणि सुटीच्या पाहुण्यांत नवशिकेच जास्त असणार. जे ओरडणे तुम्ही ऐकले ते ‘फोर’ असावे, चेंडू भरकटला की सावध करण्यासाठी तसे ओरडतात. पण वेचणीच्या बायांनी त्याचा अर्थ काय समजावा?

उपाय सांगतो. झाडे लावण्याचे आश्वासन ते देतील, ते ऐकू नका, कारण झाड उंच होईपर्यंत तुमचे पाच-सात हंगाम जातील. जाळी उपयोगी आहे, पण ती सुरुवातीच्या जागेजवळ असावी, कारण चेंडू तिथे अजून खाली असतो. तुमच्या धुऱ्यावर पोहोचेपर्यंत तो इतका उंच गेलेला असतो की दहा मीटरची जाळीसुद्धा अपुरी पडते. सगळ्यांत स्वस्त आणि आजच करता येण्यासारखा उपाय म्हणजे सुरुवातीची जागा पुढे आणि डावीकडे सरकवून मारण्याची दिशा पश्चिमेकडे वळवणे, आणि त्या होलवर ड्रायव्हर वापरायला बंदी घालून फक्त आखूड काठ्यांनी खेळू देणे. होल थोडा छोटा होतो, एवढेच. हद्दीबाहेर चेंडू गेला तर खेळाडूला एक फटका दंड बसतो आणि पुन्हा पहिल्या जागेवरून मारावे लागते, त्यामुळे असा बदल खेळणाऱ्यांनाही नकोसा वाटणार नाही. हे सगळे व्यवस्थापकांना ठाऊक असते, त्यांना ते कोणीतरी लेखी विचारावे लागते.

धागाकर्त्याचे उत्तर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. परिचारिका ताईंच्या सूचनेवरून केसपेपर पाहिला, तर त्यावर खरोखरच ‘शेतात पडून मार’ असे लिहिलेले होते. रुग्णालयात दोन फेऱ्या मारून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून सुधारित नोंद करून घेतली. त्यांनी कुरकुर केली, पण कानावरच्या त्या नक्षीचा मोबाइलमधला फोटो पाहिल्यावर काही बोलले नाहीत.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली असून तिची प्रत मिळाली आहे. प्रांत कार्यालयात अकरा शेतकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे. त्यात पांदणीवरून शाळेत जाणाऱ्या मुलांचाही उल्लेख केला, जो मला आधी सुचला नव्हता. धुरकरी भाऊंचा सल्ला मी आधीच पाळत होतो. तेलाच्या रिकाम्या डब्यात दोन हंगामांतील ४३ चेंडू निघाले, पण त्यांच्यावर तारखा नाहीत याची आता चुटपुट लागली आहे.

गोल्फर साहेबांनी लिहिलेला मजकूर मी जसाच्या तसा मराठीत टंकून रिसॉर्टच्या व्यवस्थापकांना पोच घेऊन दिला. दोन दिवसांनी ते स्वतः पांदण ओलांडून आले आणि प्रथमच आमच्या धुऱ्यावर उभे राहून त्यांनी आपल्या मैदानाकडे पाहिले. वेचणी संपेपर्यंत पाचवा होल बंद ठेवण्याचे आणि नंतर सुरुवातीची जागा डावीकडे नेण्याचे त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिले आहे. बाईच्या खर्चाचे मात्र अजून ठरलेले नाही, त्यासाठी ती तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करणार आहे. प्रांतांकडील अर्ज मी मागे घेतलेला नाही.

एक शंका राहिली आहे. जाळीचे खांब पांदणीत उभे करावेत असे रिसॉर्टवाल्यांचे म्हणणे आहे, कारण त्यांच्या बाजूला हिरवळ जाते.

प्रतिसाद – वऱ्हाडी वकील

अजिबात होऊ देऊ नका. पांदण ही सर्वांची वाट आहे. आज खांब आले तर उद्या बैलगाडी अडेल आणि भांडण तुमचे-तुमचेच लागेल. खांब त्यांच्या हद्दीत, त्यांच्या खर्चाने. तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत घेऊन पांदणीची रुंदी आधी मोजून ठेवा.

धागाकर्त्याचे उत्तर

उद्या तलाठ्यांकडे जातो. बाया आजपासून पश्चिमेच्या तासांत उतरल्या, पण कान पलीकडे ठेवूनच वेचत होत्या. सकाळी बोरीच्या झुडपाखाली एक जुना चेंडू सापडला, मातीत अर्धा रुतलेला. वहीत ४४ व्या क्रमांकाला तारखेच्या रकान्यात ‘सापडल्याची’ असे लिहून ठेवले आहे.